वेधशाळेचं शून्य

संस्थेत त्याला सगळे ‘वेधशाळा’ म्हणत, आणि हे नाव कौतुकाने पडलंय असा त्याचा सात वर्षं समज होता.

संस्था टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती. चित्रं काढायची, फोटो सुधारायची, व्हिडिओ कापायची, पुस्तकांची पानं लावायची सॉफ्टवेअरं तिथे शिकवत. पुढच्या सत्रात कुठलं शिकवायचं आणि कुठल्याला निरोप द्यायचा हे ठरवण्यासाठी सरांनी, म्हणजे संस्थेच्या मालकांनी, खास एक माणूस नेमला होता. तो हा. सकाळी साडेनऊला काचेच्या केबिनीत बसायचं, इंटरनेटवर लोक कुठल्या सॉफ्टवेअरचं नाव किती शोधताहेत याचा आलेख उघडायचा, चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे बघायचं आणि ‘हं’ म्हणायचं. या ‘हं’साठी त्याला स्वतंत्र पंखा होता.

आलेखाची गंमत अशी की त्यातले आकडे शून्य ते शंभर असतात, पण शंभर म्हणजे शंभर माणसं नव्हेत. ज्या आठवड्यात सगळ्यात जास्त शोधाशोध झाली त्या आठवड्याला शंभर म्हणायचं, बाकीचे त्या मापाने मोजायचे. त्यामुळे दहा लाख लोकांचाही शंभर होतो आणि दहा टाळक्यांचाही. हे वेधशाळेला ठाऊक होतं. सरांना ठाऊक नव्हतं. त्याची नोकरी साधारण या फरकावर उभी होती.

एकदा चित्रं काढायच्या एका सॉफ्टवेअरची रेघ अशी उसळली की गडी जेवण अर्धं टाकून सरांकडे धावला. “सर, लाट आलीय!” सरांनी पंधरा नवे संगणक मागवले, जिन्यात फलक लावला. मागाहून कळलं की त्या आठवड्यात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती आणि तिने लोकांची जुनी चित्रं गिळून टाकली होती. अख्खं जग ‘माझी चित्रं कुठे गेली’ म्हणून बोंबलत होतं आणि इकडे आमचा पठ्ठ्या त्याला लोकप्रियता म्हणत होता. दुसरा कुणी असता तर आठवडाभर तोंड लपवून फिरला असता. हा म्हणाला, “आलेख चुकला नाही सर. लोक चुकले.” सरांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते वार्षिक अहवालात छापलं.

लोक नेमकं काय विचारताहेत याची यादी आलेखाच्या खालीच असते. पडदा चार बोटं खाली सरकवला की दिसते. पण वेधशाळेचं म्हणणं असं की रेघ बघणारा माणूस तपशिलात शिरला की त्याची नजर बिघडते. खरी गोष्ट ही की वर रेघ होती, रेघेला रंग होता, आणि खाली नुसती लोकांची रडगाणी होती. सरांसमोर रंगीत रेघ ठेवता येते.

याच संस्थेत, त्याच्या केबिनीच्या भिंतीपलीकडे, पाण्याच्या टाकीशेजारच्या शेवटच्या खोलीत, त्याची सख्खी थोरली बहीण शिकवत असे.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. पानं लावायच्या सॉफ्टवेअरचं खरं नाव लांबलचक होतं, पण तिच्या वर्गापासून सगळं शहर त्याला ‘मांडणी’ म्हणायला लागलं होतं. छापखान्यांत मांडणीवर बसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस तिच्या हाताखालून गेलेला. वेधशाळाही तिचाच विद्यार्थी. पहिली नोकरी तिनेच लावून दिली, या संस्थेत तिनेच चिकटवला. वर्गात तो सगळ्यात कच्चा होता, विशेषतः तक्त्यांत. लांब तक्ता दुसऱ्या पानावर गेला की वरचा मथळा तिथेही दिसायला हवा. मथळ्याला ताई ‘डोकं’ म्हणायची. “तक्ता पुढे गेला की डोकं सोबत गेलं पाहिजे.” याचा तक्ता कायम बिनडोक पुढे जायचा. भाऊ असल्यामुळे तिने त्याला पास केलं. एवढी एकच लबाडी तिने आयुष्यात केली असेल.

तिच्या वर्गाचा एक कडक नियम होता. अडलं तर आधी वहीत बघायचं. वहीत नसेल तर बाईंना विचारायचं. इंटरनेटवर विचारायचं नाही. “तिथे शंभर जण शंभर रस्ते सांगतात,” ती म्हणायची, “आणि तुमचा छापखाना तोपर्यंत थांबून राहतो.” म्हणून प्रत्येकाची जाड पुठ्ठ्याची वही असे आणि त्यात पायरी-पायरीने सगळं लिहिलेलं असे. शिकून बाहेर पडलेले लोकसुद्धा अडले की त्या खोलीतल्या काळ्या फोनवर फोन करत. दिवसातून दहा-बारा फोन येत. ताई खडू हातात धरून दोन वाक्यांत उत्तर देई आणि फोन ठेवी. स्वतःचा मोबाइल नंबर मात्र तिने कुणाला दिला नव्हता. “संस्थेत मी बाई. घरी मी कुणाची बाई नाही.”

थोडक्यात, शहरात मांडणी वापरणारे लोक पोत्याने होते आणि त्यातला एकही इंटरनेटला काही विचारत नव्हता.

मग ‘झळक’ आलं. हे नवं सॉफ्टवेअर. त्याला नुसतं सांगायचं, की मला अमुक चित्र हवं, तमुक मजकूर हवा, आणि ते सगळं आपल्या मनाने करून समोर ठेवणार. वेधशाळेने झळकची रेघ बघितली आणि त्याचा चष्मा कपाळावरून निसटून नाकावर आला. रेघ सरळ वर. शंभर! त्याने लगेच त्याच आलेखात मांडणीचं नाव टाकलं, शहर निवडलं. मांडणीची रेघ जमिनीला चिकटलेली. शून्य, शून्य, शून्य, वर्षभर शून्य.

सरांना झळकसाठी प्रयोगशाळा हवी होती आणि प्रयोगशाळेला खोली. बैठक वेधशाळेच्याच केबिनीत झाली, कारण पंखा तिथे होता. सरांनी रेघा बघितल्या. लाल रेघ वर, निळी रेघ तळाला. असा आलेख मालक लोकांना फार आवडतो, कारण त्यात विचार करायला काही उरत नाही.

“ही निळी म्हणजे तुमच्या ताईंची मांडणी?”

“हो सर.”

“शून्य? शून्य म्हणजे अगदीच शून्य? आपल्या शहरात एकसुद्धा माणूस नाही?”

आता इथे जरा थांबायला हवं, कारण त्याला थांबता आलं असतं. आलेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्पष्ट लिहिलेलं होतं की शून्य म्हणजे या ठिकाणची पुरेशी माहिती नाही. त्याने ते वाचलेलं होतं. शिवाय त्याची पाठ ज्या भिंतीला टेकलेली होती तिच्यापलीकडे त्या क्षणी अकरा माणसं मांडणी उघडून बसली होती. ताईचा आवाज येत होता, “वहीत बघा, वहीत. माझ्या तोंडाकडे काय बघताय?” आणि काळा फोन वाजत होता. नुसतं म्हणायचं होतं, सर, जरा भिंतीपलीकडे डोकावून या. पण असं म्हटलं की पुढच्या वेळी सर आलेखाआधी भिंतीपलीकडे डोकावणार, आणि मग काचेची केबिन कशाला, पंखा कशाला, आणि हा कशाला?

“हो सर,” वेधशाळा म्हणाला. “अगदीच शून्य.”

सरांनी ताईंना चांगला निरोप दिला. फुलं दिली, भाषण केलं, भाषणात ‘काळ’ हा शब्द सात वेळा आला. तिला निवृत्त व्हायला अजून तीन वर्षं होती. त्याच दिवशी दुपारी शेवटच्या खोलीतला काळा फोन काढला, कारण झळकच्या यंत्राला भिंतीतली ती जागा हवी होती. नंबरही बंद करून टाकला.

भावंडं एकाच इमारतीत राहत. वेधशाळा आणि त्याची बायको पहिल्या मजल्यावर, ताई वर दुसऱ्या मजल्यावर एकटी. संध्याकाळचा चहा ती खाली येऊन घेई. त्या दिवशीही आली. फुलं तिने त्याच्या टेबलावर ठेवली.

“तू काय सांगितलंस त्यांना?”

“मी काय सांगणार ताई? आकडे बोलतात.”

“आकडे बोलले होय? मला वाटलं भिंतीतून तुझा आवाज आला.”

बायकोने विचारलं, “अहो, ताईंच्या वर्गात माणसं होती ना? मी डबा द्यायला आले तेव्हा बसायला खुर्ची नव्हती.” त्याने तिला रेघ आणि वास्तव यांतला फरक समजावून सांगायला सुरुवात केली. बायको मधेच उठून गेली. ताईने चहा संपवला, कप विसळून ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून खाली यायचं बंद केलं.

झळकची प्रयोगशाळा थाटात सुरू झाली. पहिल्या आठवड्यात पस्तीस जण आले. झळकला लोक म्हणत, हात काढ, तर ते सहा बोटांचा हात काढी. पान लाव म्हटलं तर मजकूर आपल्या मनाने बदलून टाकी, आणि केलेलं काम जपून ठेवायची वेळ आली की बंद पडे. प्रयोगशाळेत सकाळ-संध्याकाळ एकच काम चाले. पस्तीस माणसं इंटरनेटवर विचारत, ‘झळक उघडत का नाही’, ‘झळक बंद का पडतं’, ‘झळक काढून कसं टाकायचं’. झळकची रेघ शंभरावर ठाण मांडून बसली. वेधशाळेने सरांना दाखवली. “बघा सर, उत्साह!” सर खूश झाले. दुसऱ्या महिन्यात पस्तीसाचे एकोणीस झाले, तिसऱ्यात सहा, आणि त्या सहांतले दोघे तिथे नव्याने बसवलेल्या पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून येत होते.

याच सुमाराला वार्षिक अहवालाचं काम आलं. हा अहवाल दरवर्षी मांडणीत लागे, आणि शेवटचा चौदा पानांचा तक्ता दरवर्षी ताई गुपचूप लावून देई. या वर्षी वेधशाळा स्वतः बसला. पहिल्या पानावर तक्ता देखणा. दुसऱ्या पानावर बिनडोक. तिसऱ्यावर बिनडोक. त्याच्या नाकी नऊ आले. ताई वरच्या मजल्यावर होती, मधे अठरा पायऱ्या होत्या. त्या चढून जाऊन ‘ताई, डोकं कसं गं ठेवायचं?’ एवढं विचारलं असतं तर दहा मिनिटांत काम होतं. पण कुठल्या तोंडाने विचारणार? त्याने इंटरनेटला विचारलं. शब्द बदलून बदलून विचारलं. घरून विचारलं, केबिनीतून विचारलं, मोबाइलवरून विचारलं. तीन दिवस हेच. शंभर जणांनी शंभर रस्ते सांगितले. शेवटी त्याने प्रत्येक पानावर मथळा हाताने टाइप केला आणि नवव्या पानावर तो चुकला.

नंतरच्या सोमवारी त्याने आलेख उघडला आणि खुर्चीतून अर्धा उठला. मांडणीची मेलेली रेघ डोकं वर काढत होती. मागच्या महिन्यांत शून्य, मग सात, मग एकतीस, आणि गेल्या आठवड्यात, त्याच्याच शहरात, शंभर!

आठवड्याला किती लोक विचारत असतील याचा त्याने विचार केला नाही. मूठभरांचाही शंभर होतो, हे पक्कं ठाऊक असलेला हाच. पण रेघ वर जाताना बघितली की या माणसाचं भान सुटत असे. तो सरांकडे धावला. “सर, पुनरुज्जीवन! लोक मांडणीकडे परत येताहेत. लाट आहे!”

झळकच्या रिकाम्या खुर्च्या बघून सरांना लाटेची गरजच होती. “मग ताईंना आणा परत. आजच जा. हा आलेख रंगीत छापून घेऊन जा, त्यांना बरं वाटेल.”

ताई हल्ली दुपारी एका छापखान्यात जाते हे त्याला बायकोकडून कळलं होतं. औषधांच्या खोक्यात घड्या घालून ठेवतात ती बारीक अक्षरांची पत्रकं तिथे छापत. मालक तिचा जुना विद्यार्थी. आत कागदाचा आणि शाईचा वास, कोपऱ्यात एक टेबल, टेबलावर दिवा, आणि दिव्याखाली ताई. औषध किती घ्यायचं त्या तक्त्यावर बोट फिरवत ती ओळ न् ओळ तपासत होती. तिने मान वर केली नाही. “बस. ही ओळ होऊ दे.”

ओळ झाली. त्याने रंगीत कागद तिच्यापुढे ठेवला. “ताई, बघ. शंभर! तुझी मांडणी कुठे गेलीय बघ. सर म्हणतात परत ये. मानाने ये.”

ताईने रेघ नीट बघितली. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. “एवढे लोक काय विचारतायत?”

“अं?”

“शोधतायत म्हणजे काहीतरी विचारत असतील ना? काय विचारतायत?”

“ते खाली असतं. त्यासाठी पडदा सरकवावा लागतो.”

“मग सरकव.”

त्याने मोबाइल काढला. सात वर्षांत पहिल्यांदा तो चार बोटं खाली गेला.

“वाच. मोठ्याने.”

“‘मांडणी ओळ तुटते काय करावं.’ ‘मांडणी समास हलतो.’” त्याने बोटाने यादी आणखी सरकवली. “‘मांडणी बाई फोन नंबर.’ ‘मांडणी बाई फोन लागत नाही.’ ‘मांडणी बाई कुठे गेल्या.’”

छापखान्याचं यंत्र मागे खडखडत होतं. ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. “बंद केलात ना फोन,” ती म्हणाली. “पुढे वाच.”

“पुढे काही विशेष नाही.”

“वाच म्हटलं ना.”

“‘मांडणी तक्ता दुसऱ्या पानावर डोकं कसं ठेवायचं.’” त्याने घाईघाईने पुढची ओळ वाचली. “‘मांडणी तक्ता डोकं प्रत्येक पानावर.’ ‘मांडणी तक्ता डोकं येत नाही.’”

ताई हसली. खूप महिन्यांनी हसली असावी, कारण शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वळून बघितलं. “मथळ्याला डोकं जगात फक्त माझ्या वर्गात म्हणतात. आणि माझ्या वर्गात हे एकालाच कधी आलं नाही.”

ज्या लाटेची बातमी घेऊन तो धावत सुटला होता, तिच्यातलं बरंचसं पाणी त्याच्याच नळाचं होतं.

“किती वेळा विचारलंस?”

“चाळीसेक वेळा असेल.”

“चाळीस,” ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं. “पायऱ्या अठराच होत्या रे.”

त्याला बोलायचं होतं. भिंतीपलीकडे तुझा आवाज येत होता, फोन वाजत होता, बारीक अक्षरं मी वाचली होती, हे सगळं सांगून टाकायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, “ताई, मी खोटं बोललो.”

“ठाऊक आहे. भिंत पातळ आहे तुमची.”

ती इतका वेळ जाणून होती! भाषण ऐकताना, फुलं घेताना, त्याच्या घरी कप विसळताना.

“मग परत येशील?” त्याने तरीही विचारलं. कारण सर वाट बघत होते.

“नाही. उद्या रेघ पुन्हा खाली आली की पुन्हा फुलं घ्यावी लागतील. आणि मी शिकवायला लागले की ती खाली येणारच. माझी माणसं मशिनला विचारत नाहीत.” तिने खुर्ची थोडी बाजूला सरकवली, पडद्यावरचा औषधाचा तक्ता त्याच्याकडे वळवला. “वही काढ.”

“वही नाही आणली.”

“मग कशावर तरी लिही. या वेळी मी तुला फुकट पास करणार नाही.”

त्याने रंगीत आलेख उलटा केला. मागची बाजू कोरी होती. ताई सांगत गेली, तो लिहीत गेला. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पायरीला तिने त्याच्या हातात माउस दिला. तक्ता दुसऱ्या पानावर गेला आणि डोकं त्याच्या सोबत गेलं. चाळीस वेळा जे सापडलं नव्हतं ते पाच ओळींत मावलं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला त्याचा इतका आनंद झाला की त्याला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी तो संस्थेत परतला तेव्हा सर त्याच्याच केबिनीत पंख्याखाली बसले होते.

“काय म्हणाल्या ताई? शक्यता किती?”

“शून्य.”

“शून्य म्हणजे अगदीच शून्य?”

“अगदीच, सर.”

सरांनी आलेख मागितला. वेधशाळेने कागद घडी घालून खिशात ठेवला होता, तो त्याने काढला नाही. “अपुरी माहिती आहे सर त्यात,” तो म्हणाला, आणि सवयीने भिंतीला पाठ टेकून बसला. पलीकडे झळकची सहा माणसं होती. त्यांच्यातलं कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.